कदंबच्या गाडीवरचा सिंह आणि सत्तरीतला 'पाहुणा' वाघ

फोंडेकरीण
शनिवारी फोंड्याहून पणजीला कदंबने (आपली सरकारी बस) निघाले होते, सोबत दुसरीतली लेक. स्टँडवर गाडीत चढता चढता तिने पत्र्यावरच्या चित्राला हात लावून विचारलं, "आई, हा सिंह गोव्यात कुठे राहतो?" म्हटलं, गोव्यात नाही, गुजरातेत राहतो. "मग आपल्या गाडीवर कशाला काढलाय?" म्हार्दोळपासून भोमपर्यंत मी तिला कदंब राजे, त्यांचं राजचिन्ह असलं काहीबाही सांगत बसले. बाणस्तारीच्या पुलावर पुढचा प्रश्न आला. "मग आपल्याकडे कोण राहतं?" मी तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, "आमगेर वाग येता गो बाय, सुण्यांक."

आता हा वाघ म्हणजे बिबट्या हे मला कळलं, तिला नाही. तिच्या डोक्यात पट्टेवाला वाघ कुत्रा तोंडात धरून चाललाय. तर जाणकारांनो, ही मोठी मांजरं कोण कुठे राहतात ते एकदा नीट लिहा ना. शाळेच्या पुस्तकासारखं नको. आणि दुसरं, खरंच विचारते: गोव्यात पट्ट्याचा वाघ आहे की येऊनजाऊन असतो? दोन्ही बाजूंनी ऐकलंय.

पुस्तकी किडा
धागा आवडला. सिंहापासूनच सुरुवात करू.

आशियाई सिंह एकेकाळी तुर्कस्तान, इराणपासून आपल्या उत्तर आणि मध्य हिंदुस्थानापर्यंत होता. दक्षिणेची हद्द साधारण नर्मदा. म्हणजे गोव्याच्या रानात तो कधी नव्हताच. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर मात्र सिंह आहे, आणि सोबत सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख. ज्यांच्या राज्यात सिंह नाही त्यांनाच सिंहाची हौस फार. श्रीलंकेच्या झेंड्यावर सिंह, सिंगापूरच्या नावात सिंह, आणि दोन्हीकडे रानात एकही नाही.

आज आशियाई सिंह रानात फक्त सौराष्ट्रात आहे, गीर आणि आसपास. २०२५ च्या मोजणीत ८९१ निघाले. त्यातले कितीतरी अभयारण्याबाहेर, शेतात, नदीकाठच्या झुडपांत, पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत पसरलेत. सगळी अंडी एका टोपलीत म्हणतात तसला प्रकार आहे. २०१८ साली गीरमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपरची साथ आली तेव्हा वीसच्या वर सिंह गेले. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला हलवा म्हणून सांगितलं होतं. सिंह गेले नाहीत. २०२२ साली तिथे नामिबियाहून चित्ते आले.

बाकीच्यांवर उद्या लिहितो, आता जेवायला हाक आलीय.

माडावरचा
थोडक्यात, सिंह गोव्यात फक्त कदंबचा पास काढून आला. :)

दोडामार्गवाली
@फोंडेकरीण, तुमच्या आजोबांचं काही चुकलं नाही. आमच्याकडे पण दोघेही वाघच. फार तर 'बिबळो' आणि 'पट्ट्याचो'. घाटावर 'ढाण्या' म्हणतात. आणि मराठी वर्तमानपत्रं इतकी वर्षं बिबट्याला चित्ता म्हणत आली की माझ्या सासऱ्यांना कुनोची बातमी वाचून प्रश्न पडला, "चित्ते आफ्रिकेतून कशाला आणायचे, आपल्या आंबोलीत थोडे आहेत?"

खूण सोपी आहे. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, काजळ ओघळल्यासारखी, आणि अंगावर भरीव ठिपके. बिबट्याच्या पाठीवर-कुशीवर भरीव ठिपके नसतात, ठिपक्यांची फुलं असतात, मध्ये पोकळ. चित्ता सडपातळ, उघड्या माळावर पळणारा. त्याला आमच्या रानात सोडला तर पहिल्याच कारवीच्या जाळीत अडकून बसेल.

पुस्तकी किडा
जेवण झालं, थोडं बसतो.

शास्त्रज्ञ ज्याला पँथेरा म्हणतात त्या घराण्यात पाच जण: वाघ, सिंह, बिबट्या, जॅग्वार आणि हिमबिबट्या. चित्ता आणि प्यूमा आकाराने मोठे असले तरी त्यांची भावकी वेगळी. ते डरकाळी फोडू शकत नाहीत, घरच्या मांजरासारखे घुरघुरतात. हिमबिबट्या पाचांत असूनही डरकाळी फोडत नाही, घराण्यातला मुका.

भारतात यातले चार आहेत, आणि कुनोचे चित्ते धरले तर मोठी मांजरं पाच. दुसऱ्या कुठल्या देशाला हे भाग्य नाही. चित्ता आपण स्वतः संपवला होता. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी (आताच्या छत्तीसगडातलं संस्थान, तो देश नव्हे) तीन मारले, तेच शेवटचे धरतात. १९५२ ला सरकारने नामशेष जाहीर केला.

जॅग्वार आपल्याकडे नाही, आफ्रिकेतही नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण मागे एका धाग्यावर तीन पानं यावरून भांडण झालं होतं. तो मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत.

अवांतर आजोबा
जॅग्वारवरून आठवलं. ब्राझीलमध्ये त्याला 'ओन्सा' म्हणतात, पोर्तुगीज शब्द. आम्ही लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, होतो तेव्हा पोर्तुगीज पुस्तकात ओन्साचं चित्र होतं आणि आमचे मास्तर म्हणायचे, हा आपला बिबटो. नव्हता तो. बिबट्याच्या फुलांत मध्ये काही नसतं, जॅग्वारच्या फुलांत आणखी बारीक ठिपके असतात. शिवाय डोकं मोठं, जबडा असा की पांतानालच्या दलदलीत पाण्यात उतरून मगरीच्या जातीच्या केमानची कवटी फोडतो. मास्तर वारले, नाहीतर आज कळवलं असतं.

काळोख
माझ्या व्हॉट्सॅपवर एक फिरतंय की 'गोव्यातला ब्लॅक पँथर ही जगात वेगळी प्रजाती आहे'. खरं का?

दोडामार्गवाली
@काळोख, नाही हो. काळा बिबट्या म्हणजे बिबट्याच, फक्त रंगद्रव्य जास्त. साध्या आईबापांच्या पोटी एक काळं, एक पिवळं पिल्लू येऊ शकतं. तिरप्या उन्हात पाहिलं तर काळ्या अंगावरही फुलं दिसतात, काळ्या पैठणीवरच्या काळ्या बुट्टीसारखी. सह्याद्रीच्या ओल्या, दाट रानात ते सापडतात. उघड्या माळावर काळं अंग घेऊन शिकार करणं अवघड, इथल्या सावलीत खपून जातं. जॅग्वारमध्येही काळे असतात, त्यांचं जनुक मात्र वेगळं.

नैरोबी रिटर्न
सगळे भारतातच अडकलात म्हणून लिहिते. माझ्या आईचे मामा नैरोबीत रेल्वेच्या हापिसात कारकून होते. त्या काळी तिथे गोंयकार ढिगाने. डॉ. रिबेरो म्हणून एक गोंयकार डॉक्टर झेब्र्यावर बसून रुग्ण बघायला जायचे, ही दंतकथा नव्हे, त्यांचा फोटो आहे.

मामा सांगायचे, रात्री अंगणात मोरीवर जायचं तर कंदील आणि दुसरा माणूस लागायचा. शहराला लागूनच नैरोबी राष्ट्रीय उद्यान, १९४६ सालचं, ११७ चौरस किलोमीटर. शहराच्या बाजूला कुंपण, दक्षिणेकडची बाजू उघडी, कारण हरणं आणि झेब्रे ऋतूप्रमाणे तिकडून येतात-जातात. त्यांच्यामागून सिंहही बाहेर मासई लोकांच्या वस्तीकडे जातात, गाई मारतात, आणि मासई भाले काढतात.

तिथल्याच एका मासई मुलाने यावर युक्ती काढली. कंदील घेऊन फिरणारा माणूस दिसला की सिंह गोठ्याकडे येत नाही, हे त्याने बघितलं. मग त्याने गोठ्याभोवती आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावले, जुन्या गाडीची बॅटरी आणि सौर पत्रा जोडून. सिंहाला वाटतं कोणीतरी फेऱ्या मारतंय. पुढे केनियात बऱ्याच ठिकाणी हे दिवे लागले.

बर्फात बसलेला
हिमबिबट्याचंही तेच, गुरं मारतो आणि माणसं त्यावर युक्ती काढतात. लडाखला गेलो होतो, हेमिसच्या बाजूला एका घरात उतरलो. अकरा दिवसांत हिमबिबट्या दिसला एकदाच, तोही दुर्बिणीत, समोरच्या डोंगरावर दगडाला चिकटलेला. वाटाड्याने दाखवला नसता तर मी दगडच समजलो असतो. शेपूट हलली म्हणून कळलं. काय शेपूट! जवळजवळ अंगाएवढी लांब. झोपताना नाकावरून मफलरसारखी घेतो.

देशात ७१८ असल्याचा अंदाज, त्यातले ४७७ एकट्या लडाखात. खायला भरल आणि आयबेक्स, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्या-रानबकऱ्या. पण थंडीत मेंढ्यांच्या वाड्यात उतरला तर एकाच रात्री वीस-वीस मारतो, खातो एखादंच. कोंडलेली जनावरं सैरावैरा धावतात आणि तो मारत सुटतो. घरमालकीण म्हणाली, पूर्वी असा वाड्यात सापडला की गाव दगडांनी ठेचायचं. आता वाड्यावर तारेची जाळी टाकलीय, छतासकट, आणि पाहुण्यांना घरात ठेवून पैसे मिळतात. तिने मला थुक्पा वाढत हिशोब सांगितला: मेंढी गेली तर एवढं नुकसान, तुम्ही दहा आलात तर एवढे पैसे. प्रेमबिम काही नाही, हिशोब.

सत्तरीकर
बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. टायपिंग सावकाश आहे, सांभाळून घ्या.

माझं गाव सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या आत. अभयारण्य १९९९ चं, घर माझ्या खापरपणज्याचं. हे आधी सांगतो म्हणजे पुढचं नीट वाचाल.

काही वर्षांमागे फेब्रुवारीत, काजू नुकती धरली होती, आमची एक गाय संध्याकाळी परत आली नाही. सकाळी मी आणि बाबा शोधायला गेलो. कावळ्यांनी जागा दाखवली. व्हाळाच्या कडेला, भेरल्या माडाखाली पडली होती. नरड्यावर चार भोकं, रक्त फारसं नाही. मागचा पुठ्ठा खाल्लेला, पोट शाबूत. बाबा बसून बघत राहिले आणि म्हणाले, बिबटो न्हय. बिबट्या पोटाकडून, छातीकडून सुरुवात करतो, पट्ट्याचा मागून. शिवाय ती गाय पंधरा-वीस पावलं ओढली होती, उतरावर नव्हे, चढावर.

चिखलात ठसा होता. मी खिशातली काडेपेटी बाजूला ठेवून फोटो काढला. अडीच काडेपेट्या रुंद. बिबट्याचा सव्वा-दीडच्या वर जात नाही. नखं उमटली नव्हती, मांजराची नखं चालताना आत असतात. कुत्र्याची उमटतात.

गावात बातमी गेली. एकाने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, औषध आहे, घाल. सगळ्यांना ठाऊक असतं की तो परत त्याच जनावराकडे येतो, दोन-तीन रात्री. बाबांनी उत्तर दिलं, "वाघ्राक नाल्ल दिवप आनी वागाक वीख घालप?" आमच्या राईत वाघ्रो देव आहे. दगडाचा, झिजलेला, तोंड कुठलं कळत नाही. वर्षाला नारळ देतो.

फॉरेस्टचे लोक दुसऱ्या दिवशी आले, ठशात प्लास्टर ओतलं, कॅमेरा बांधला. गाय तशीच ठेवा म्हणाले. ठेवली. वास सगळ्या भाटात. नुकसानभरपाईसाठी पंचनामा, जनावराच्या डॉक्टरचा दाखला, फोटो, बँकेचं पासबुक, सगळं एका कार्यालयात दिलं. नाव घेत नाही. पाच खेपा घातल्या. दर खेपेला कदंब सकाळची एक, संध्याकाळची एक, म्हणजे दिवस गेला. पैसे आले तोवर वासरू गाभण राहिलं होतं.

आणि कॅमेऱ्यात आला तो. वाघच. फोटो मात्र आम्हाला कोणी दाखवला नाही.

फोंडेकरीण
@सत्तरीकर, वाचून गप्प झाले. लेकीला फक्त काडेपेटीचं सांगितलं. ती घरभर काडेपेटीने पावलं मोजत फिरतेय, आमच्या बोक्याचं पाऊल अर्ध्या काडेपेटीच्या वर भरत नाही म्हणते.

कायदा पाहा
सत्तरीकरांनी 'औषधा'चा उल्लेख केला म्हणून लिहितो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. विषबाधा. वाघिणीने गावातलं जनावर मारलं होतं, त्या मेलेल्या जनावरात विष. वाघीण परत शिकारीकडे आली ती पिल्लांना घेऊन. म्हणूनच चारही एकदम गेले. त्याआधी २००९ साली केरीत वाघ मारल्याचं प्रकरण झालं होतं.

आता धागाकर्तीचा प्रश्न. इतकी वर्षं आपल्याकडे ठरलेलं उत्तर असायचं: वाघ कर्नाटकातून येतात आणि जातात. पाहुणे. अहो, पाहुणी तीन पिल्लं घेऊन शिकार करत राहते? वाघीण पिल्लांना दीड-दोन वर्षं सांभाळते, शिकार शिकवते. बिऱ्हाड म्हणायचं ते हेच.

जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि आजूबाजूचं रान तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा असा आदेश दिला. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं.

माडावरचा
कर्नाटकातून येतो म्हणून पाहुणा म्हणायचं तर आपली भाजीही पाहुणीच. बेळगावची गाडी एक दिवस चुकली तर म्हापशाच्या बाजारात काय उरतं बघा.

पुस्तकी किडा
'येतो-जातो' हे अर्धं खरंही आहे, आणि तेच महत्त्वाचं आहे. नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प, म्हणजे आपली जुनी दांडेली-अणशी. त्याला लागून आपलं खोतीगाव, नेत्रावळी, मग मोलें, मग म्हादई. म्हादईला लागून कर्नाटकाचं भीमगड. वर तिळारी, आंबोली, राधानगरी आणि शेवटी चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तरणा नर वाघ आईपासून सुटला की स्वतःची हद्द शोधत निघतो, शेकडो किलोमीटर चालतो. त्याच्यासाठी ही माळ आहे, आणि गोवा त्यातला मधला मणी. मधेच तुटली तर वरचे रिकामे आणि खालचे कोंडलेले. मोलेंतून रेल्वेचा दुसरा मार्ग जायचा होता, त्याची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, ती उगाच नाही.

देशात वाघ २०२२ च्या अंदाजाने ३,६८२. जगातल्या रानटी वाघांतले बहुतेक आपल्याकडेच. बाकीचे सुमात्रा, रशियाचं टोक, नेपाळ, भूतान, थायलंड असे विखुरलेले. बाली आणि जावाचे गेले, कॅस्पियनकाठचे गेले. वाघाला हवामानाचं वावडं नाही, सुंदरबनात खारं पाणी पितो आणि सायबेरियात बर्फात चालतो. त्याला लागतं ते सांबर-रानडुक्कर, पाणी आणि लपायला जागा.

सत्तरीकर
@कायदा पाहा, गोळावलीचं केलं ते चूकच. समर्थन नाही. पण व्याघ्र प्रकल्प म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न, काजूचं भाट कोणाच्या नावावर? एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा सातबारा समजा) आमचं नाव नाही. तीन पिढ्या कसतोय. वनहक्काचा कायदा २००६ चा, दावा घातला, फाईल कुठल्या टेबलावर आहे देवाला ठाऊक. वाघाची हद्द ठरायच्या आधी आमची ठरवा, एवढंच गाव म्हणतं. वाघाला कोण नको म्हणत नाही. सांबर-डुक्कर पिकावर आले की वाघ हवाच वाटतो.

कायदा पाहा
@सत्तरीकर, हे तुमचं रास्त आहे. दावे निकालात काढणं हा प्रकल्पाच्या आधीचा टप्पा असायला हवा, नंतरचा नव्हे. कोअर, म्हणजे प्रकल्पाचा आतला गाभा, झाला की सगळं गाव उठवणार असाही गैरसमज पसरवला जातो. बफरमध्ये, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यात, वस्ती राहते, शेती राहते. पण ज्यांना पसरवायचंय ते पसरवतात.

सत्तरीकर
पसरवतात म्हणता, पण समजावून सांगायला कोण आलं? मतांच्या वेळी सोडून?

काळोख
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण इथे कोण भांडतच नाही.

दोडामार्गवाली
वाघावरून भांडताय, मरतोय बिबट्या. रानडुकरासाठी कुंपणात लावलेले तारेचे फास. स्कूटरची क्लचवायर असते, दुसरं काही नाही. आमच्या गावात सापडला तेव्हा कंबरेत अडकला होता, रात्रभर ओरडत होता, सकाळी शंभर माणसं मोबाईल घेऊन उभी. बेशुद्ध करणारे येईपर्यंत दुपार झाली. मी लांबूनच पाहिला. जीभ बाहेर, आणि भोवतीची माती त्याने नखांनी उकरून अशी केली होती जशी भुईमूग काढल्यावर होते. जगला नाही.

देशात बिबटे तेरा हजारांच्या वर आहेत म्हणून कोणाला चिंता नाही. कोंबडी, कुत्रा, उंदीर, माकड, जे मिळेल ते खाऊन तो मुंबईच्या इमारतींमागे राहतो, आपल्या माडांत राहतो. निमूट राहतो म्हणून दिसत नाही.

नैरोबी रिटर्न
@सत्तरीकर, ते लुकलुकत्या दिव्यांचं खरंच करून बघाल का? वाघावर चालतं असं मी म्हणत नाही, सिंहावर चाललंय. पण गोठ्याला तरी. माझा भाचा फर्मागुडीला इंजिनीअरिंगला आहे, त्याला कामाला लावते. खर्च माझा.

सत्तरीकर
@नैरोबी रिटर्न, पाठवा भाच्याला. माझी गाय गोठ्यात नव्हती, चरताना गेली, पण बिबट्या गोठ्यात येतो, वासरासाठी. आई म्हणते असले दिवे चतुर्थीला तरी उपयोगी पडतील.

@फोंडेकरीण, लेकीला मे महिन्यात आणा. काजू आटोपलेली असते, व्हाळ आटून दोन कोंडी उरतात, सगळं रान तिथेच पाणी प्यायला येतं. वाघ दिसायचा नाही हे तिला आधीच सांगा. ठसा दिसला तर दिसला, काडेपेटी मी देतो. वाळपईहून गाडी सकाळी एकच आहे. ती चुकवू नका.